तीन रिव्हर्स, एक पुढचा

सायलेन्सरमधून धूर बाहेर येतो, हे लहान पोरगंही सांगेल. मी मात्र तो आत जाताना पाहिला, आणि तेव्हापासून ते दृश्य डोक्यातून जायला तयार नाही.

लातूरच्या बाहेर, औसा रस्त्याला लागून एक गॅरेज आहे. वर पत्रे, समोर कडुलिंब, आणि वर्षानुवर्षं ऑइल पिऊन चिवट झालेली काळी जमीन. आमच्या आजोबांची जीप तिथे बॉनेट उघडून उभी होती. इंजिनाचं पूर्ण काम दुसऱ्या गावच्या एका मिस्त्रीने करून दिलेलं; बोअरिंग झालेलं, पिस्टन-रिंगा नव्या, वॉल्व्ह घासून बसवलेले, रंगसुद्धा मारलेला. राहिलं होतं एवढंच की ते चालू होत नव्हतं. म्हणून दादाने जीप ट्रॅक्टरला बांधून उस्तादांकडे ओढत आणली. चैत्र संपत आला होता, दुपारचं ऊन पत्र्यावरून खाली उतरत होतं, आणि बॉनेटभोवती दादा, त्याचे दोन मित्र, गॅरेजची दोन पोरं, शेजारच्या टायरवाल्याचा भाऊ अशी सगळी मंडळी वाकून उभी होती. अशा वेळी आत नक्की काय बघतात, हे मला कधी कळलेलं नाही. पण वाकल्याशिवाय कुणाला राहवत नाही. मी मागे होते. तिथे एक म्हातारेबुवा उकिडवे बसून बिडी ओढत होते, त्यांच्या मळणी यंत्राचा कुठला तरी पार्ट गॅरेजात अडकला होता. बिडीचा धूर निवांत कडुलिंबाकडे चालला होता. दादाने सेल्फ मारला की तो धूर वळायचा, सायलेन्सरच्या तोंडाशी यायचा आणि आत जायचा. सेल्फ सोडला की पुन्हा कडुलिंबाकडे. परत सेल्फ, परत आत.

मी सांगितलं. कुणी ऐकलं नाही. मी जरा मोठ्याने सांगितलं, तर दादा म्हणाला, "तू जरा सावलीला थांब की."

उस्ताद मात्र पाना खाली ठेवून मागे आले. सत्तरी केव्हाच ओलांडलेली, चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेने बांधलेली. "ताई, परत सांगा. धूर कुठं चाललाय म्हणलात?" मी दाखवलं. ते म्हाताऱ्या बुवांशेजारी उकिडवे बसले, पोराला सेल्फ मारायला सांगितला, आणि स्वतःचा तळहात सायलेन्सरच्या तोंडावर धरला. हात ओढला गेला असावा, कारण त्यांनी तो चटकन काढला आणि हसले. मग मला म्हणाले, तुम्ही धरून बघा. मी धरला. थंड, हलका ओढा होता, थांबत थांबत येणारा. सायलेन्सरला गरम फुंकर असते ही शरीराला इतकी सवय आहे, की तो थंड ओढा अंगावर काटा आणून गेला.

पुढचं सांगण्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. पेट्रोल इंजिन चालू होईना की मिस्त्री तीन गोष्टी बघतो: करंट, पेट्रोल, कॉम्प्रेशन. ते तिन्ही ह्या इंजिनात होतं. प्लग काढून बॉडीला टेकवला की निळी ठिणगी पडायची. पंप पेट्रोल उचलत होता. प्लगच्या भोकावर अंगठा दाबला तर कॉम्प्रेशन अंगठा उडवून लावायचं. आधीच्या मिस्त्रीने हे सगळं तपासलं होतं, दादाने तपासलं होतं, मोबाइलवर व्हिडिओ पाठवून दादाच्या पुण्याच्या मित्राकडून तपासून घेतलं होतं. फक्त प्लग दर वेळी कोरडे निघायचे, आणि एअर फिल्टर काढून कार्बोरेटरवर वाकलं की पेट्रोलचा बारीक फवारा तोंडावर यायचा. त्यावरून कार्बोरेटर बदलून झाला होता. एकेक गोष्ट बरोबर होती आणि एकूण गाडी मुकी होती. ह्यात मला खटकलं ते हे, की सगळे पुढूनच बघत होते.

मागची जागा माझी जुनी आहे. ह्या जीपमध्ये मी पुढे बसल्याचं मला आठवतच नाही. पुढे आण्णा, म्हणजे आमचे वडील, शेजारी चुलते किंवा कुणी पाहुणे. मागे आडव्या बाकांवर आम्ही पोरं, आई, काकू, आजी, पिशव्या, कधी कापसाचं बोचकं, कधी बकरी. माझ्या आठवणीतले रस्ते त्यामुळे सगळे मागे जाणारे आहेत. समोरून काय येतंय हे कधी दिसलं नाही. गेलेली झाडं, गेलेले मैलाचे दगड, आणि आमच्याच चाकांनी उडवलेला, मग आमच्याच अंगावर येऊन बसणारा धुरळा. पेट्रोलच्या धुराचा वासही मागच्यांच्याच वाट्याला. दादा सात-आठ वर्षांचा झाल्यावर पुढे सरकला, इंजिनाच्या गोष्टी करायला लागला. मी मागेच राहिले. तक्रार म्हणून सांगत नाही, (थोडी आहेही), पण सायलेन्सरचं वागणं मला ओळखीचं आहे ते असं.

जीप आजोबांनी घेतलेली. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराने विकायला काढलेल्या गाड्यांपैकी ही एक. सिकंदराबादच्या लिलावात सुटलेली, मधे कुणाकुणाच्या हातून फिरून आमच्याकडे आली, असं घरात सांगतात. १९४१ ते १९४५ ह्या काळात विलीज आणि फोर्ड ह्या दोन कंपन्यांनी मिळून अशा सहा लाखांवर जीपा बनवल्या, त्यामुळे आमच्या दारात एखादी येणं हे काही नवल नाही. कागद मात्र काही केल्या सापडेना. दादाने आजोबांची ट्रंक माझ्यावर सोपवली, कारण कागद वाचत बसायला त्याला जमत नाही. ट्रंकेत जीपची पावती नव्हती. होतं ते भलतंच: उर्दू शिक्के मारलेले खरेदीखताचे कागद, मोडीतली एक यादी, हाली, म्हणजे निजामी रुपयांतला कुठला तरी हिशेब, कोपऱ्यात कुणी तरी पेन्सिलने सातास सहा धरून त्याचे कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये काढलेले. आणि आजोबांच्या जन्माचे दोन दाखले. मूळ नोंद फसली १३३० ची, म्हणजे निजामाच्या राज्यात चालायच्या त्या सालातली. एका कागदावर तिचे इसवी सन १९२० केलेले, दुसऱ्यावर १९२१. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो हे आमच्याकडे जुन्या माणसांना तोंडपाठ असायचं. पण हैदराबाद संस्थानातलं फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला बदलायचं, त्यामुळे जन्म दिवाळीच्या सुमाराचा असेल तर ५९०, उन्हाळ्यातला असेल तर ५९१. दोन्ही कारकुनांनी बेरीज बरोबर केली होती. महिना कुणीच लिहिला नव्हता. आजोबांना पेन्शन लागताना म्हणे ह्या एका वर्षाने फार दमवलं.

उस्तादांनी डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे प्लगांना पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या डबीचं, टोपण काढायला लावलं. दादाला पुढून हँडल मारायला सांगितलं, हळूहळू, आणि स्वतः आतल्या फिरत्या रोटरकडे बघत राहिले. अर्ध्या मिनिटात त्यांनी हात वर केला.

"हे घड्याळासारखं फिरायलंय," ते म्हणाले.

दादा म्हणाला, "मग बरोबर आहे की."

"नाही. ह्याचं उलट फिरायला पाहिजे. घड्याळाच्या उलट."

मग पुढचं टायमिंगचं झाकण निघालं. रेडिएटर, पंखा, पुली, सगळं उतरवून झाकणापर्यंत पोचायलाच पाच वाजले. आत दोन गिअर होते. खालचा लहान, पोलादी, क्रँकचा, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याचा. वरचा त्याच्या दुप्पट दात्यांचा, कडेला दाबलेल्या फायबरचा, कॅमचा, म्हणजे वॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा. दोन्ही नवेकोरे, तेलात चमकत होते. खुणासुद्धा नीट जुळवलेल्या: लहान गिअरची खूण मोठ्याच्या दोन खुणांच्या मधोमध. दादा म्हणाला, बघा, टायमिंग बरोबर आहे. उस्ताद काही बोलले नाहीत. त्यांनी ऑइल पंप सोडून हातात घेतला, आणि मग आत जाऊन एका डालड्याच्या जुन्या डब्यातून दुसरा ऑइल पंप आणला. दोन्ही टेबलावर शेजारी ठेवले. बाहेरून बघायला जुळे भाऊ. पण दांड्यावरच्या गिअरचे तिरपे दाते एकाचे एका बाजूला झुकलेले, दुसऱ्याचे दुसऱ्या बाजूला.

तिथे मला पहिल्यांदा कळलं की भानगड काय आहे. युद्धकाळातल्या विलीज इंजिनात क्रँकवरून कॅम फिरवायला चेन होती. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, कंपनीने चेन काढून तिथे थेट एकमेकांत अडकणारे गिअर घातले, आणि पुढे महिंद्राच्या पेट्रोल जीपमध्येही गिअरच आले. सायकलच्या चेनने जोडलेली दोन चक्रं एकाच दिशेने फिरतात. एकमेकांत दाते अडकवलेली दोन चक्रं उलट दिशांनी फिरतात. म्हणजे चेनच्या इंजिनातला कॅम एका बाजूला फिरणार, गिअरच्या इंजिनातला दुसऱ्या. त्यामुळे कंपनीने गिअर घालताना नुसते गिअर घातले नाहीत. कॅम वेगळा केला, त्यावरच्या उंचवट्यांची मांडणी आरशातल्यासारखी उलटी केली. ऑइल पंप कॅमवरून फिरतो आणि डिस्ट्रिब्युटर त्या पंपाच्या दांड्यावरून. ते दोघे मात्र पूर्वीच्याच दिशेने फिरायला हवे होते, म्हणून पंपाच्या आणि कॅमच्या तिरप्या दात्यांचा कलही उलटा केला. हे सगळं एक कुटुंब आहे. त्यातल्या एकाला उचलून दुसऱ्या घरात पाठवता येत नाही.

आमच्या इंजिनात ब्लॉक चेनचा, कॅम चेनचा, पंप चेनचा. चेन ढिली होऊन पुढून खडखड वाजायला लागली होती, चक्रांचे दाते झिजले होते. तसली चेन जवळपास कुठे मिळत नाही. महिंद्राच्या पेट्रोल जीपचे टायमिंग गिअर मात्र मिळतात. दोन्ही इंजिनं २१९९ सीसीची, बोअर तोच, स्ट्रोक तोच, क्रँक आणि कॅममधलं अंतर तेच. आधीच्या मिस्त्रीने गिअर आणले आणि घातले. आणि त्या क्षणापासून आमचा कॅम उलटा फिरू लागला.

उलटा कॅम काय करतो ते उस्तादांनी बोटांनी दाखवलं. पिस्टन खाली जाताना इनटेकचा, म्हणजे हवा-पेट्रोल आत घेणारा वॉल्व्ह उघडायला हवा, तर उघडतो एक्झॉस्टचा, धूर बाहेर सोडणारा. इंजिन सायलेन्सरमधून हवा ओढतं. मग दोन्ही वॉल्व्ह बंद, पिस्टन वर, छान कॉम्प्रेशन. मग पिस्टन खाली, आणि पुन्हा वर येताना उघडतो इनटेक. हवा कार्बोरेटरमधून बाहेर. पेट्रोल आत शिरायला वाटच नाही. ऑइल पंपही उलटा, म्हणजे तेल बेअरिंगांना देण्याऐवजी तिथून ओढून खाली तेलाच्या चेंबरमध्ये सोडणार. स्पार्कचा क्रम एक-तीन-चार-दोन ऐवजी एक-दोन-चार-तीन. "मागून श्वास घ्यायलंय आणि पुढून सोडायलंय," उस्ताद म्हणाले. आणि मग जे म्हणाले ते मला सगळ्यात आवडलं. "पण बिघडलेलं काहीच नाही ह्यात. क्रँक उलटा फिरवा, चालू होतंय बघा. मग जीपला तीन रिव्हर्स राहतील, एक पुढचा."

सगळे हसले. मी रात्री घरी जाऊन त्याच्यावर विचार करत बसले.

कारण ते खरं होतं. ह्या इंजिनाच्या वॉल्व्हचे मूळ आकडे असे आहेत: पिस्टन वरच्या टोकाला पोचायच्या ९ अंश आधी इनटेक उघडतो आणि खालच्या टोकानंतर ५० अंशांनी मिटतो; एक्झॉस्ट खालच्या टोकाच्या ४७ अंश आधी उघडतो आणि वरच्या टोकानंतर १२ अंशांनी मिटतो. आमचा कॅम उलटा फिरत होता, म्हणून हेच उलटीकडून वाचा. ९ च्या जागी १२, ५० च्या जागी ४७. फरक तीन अंशांचा. आणि क्रँकच उलटा फिरवला तर कॅम पुन्हा आपल्या मूळ दिशेने फिरणार, आकडे जसेच्या तसे राहणार, आणि हे इंजिन सुलट्याइतकंच समाधानाने चालेल. आणि ह्यामुळेच आधीच्या मिस्त्रीला काही कळलं नाही. त्याने नुसत्या खुणांवर भिस्त ठेवली नव्हती. बाजूचं टॅपेटचं, म्हणजे वॉल्व्ह उचलणाऱ्या खुंट्यांचं, झाकण काढून त्याने जुन्या पद्धतीने खात्री करून घेतली होती: एक नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनला वर आणायचा आणि चार नंबरचे वॉल्व्ह बघायचे, दोन्ही तोलावर हवेत, एक मिटत आलेला आणि दुसरा उघडू लागलेला. तसे ते होते. फक्त कोणता मिटत आलाय आणि कोणता उघडू लागलाय, हे इंजिन उभं असताना दिसत नाही. दोन्ही जरासे उचललेले दिसतात, बस. फोटो काढून ठेवला असता तर सुलट्या आणि उलट्या इंजिनाचे फोटो शेजारी ठेवूनही कुणाला ओळखता आले नसते. फरक फक्त हालचालीत होता, आणि हालचाल दिसत होती ती मागे, बिडीच्या धुरात.

दादा त्या मिस्त्रीवर भयंकर चिडला होता. मला चिडता येईना. झाकण काढल्यावर दिसलेलं त्याचं काम इतकं नेटकं होतं. गॅस्केट हाताने कापलेलं, पण कडा कुठे फाटलेली नाही. प्रत्येक बोल्टला हवी तिथे तार ओवलेली. आणि कॅमच्या तोंडाशी ते लेथचं काम. नव्या गिअरचं मधलं भोक आमच्या कॅमच्या तोंडावर बसत नव्हतं. साहजिकच, तो गिअर ह्या कॅमसाठी नव्हताच. तर त्याने लेथवाल्याकडून एक बुश, म्हणजे मधली फट भरणारी धातूची कडी, करून घेतला होता, गिअरला ओरखडासुद्धा न येता बरोबर मधे बसणारा. उस्तादांनी तो बुश बोटावर फिरवला, उजेडात धरला, नख फिरवून बघितलं. "हात साफ आहे त्याचा," म्हणाले. दादाला हे अजिबात रुचलं नाही.

आपल्याकडे हल्ली जुगाडाचं फार कौतुक असतं. पाण्याच्या मोटरीपासून फवारणीच्या यंत्रापर्यंत कुणी काहीही कशालाही जोडलं की त्याचा व्हिडिओ फिरतो, खाली लोक लिहितात की इंजिनिअर झक मारतील. मराठवाड्यात तर हे आपल्या अंगचंच आहे असं आपणच म्हणतो. पाऊस नाही, पैसा नाही, पार्ट मिळत नाही, मग आहे त्यात भागवा. मला त्या कौतुकाचा पहिल्यापासून थोडा कंटाळा होता, आता कारणही सापडलं. तो गिअर कॅमवर बसत नव्हता, हीच त्या इंजिनाने दिलेली सगळ्यात स्पष्ट माहिती होती. भोक जुळत नाही, म्हणजे हे ह्या घरचं नाही. एखाद्या अर्ध्या कच्च्या कारागिराचा बुश डगमगला असता, त्याने हात टेकले असते, आणि कुणाला तरी विचारायला गेला असता. आमचा मिस्त्री चांगला निघाला, लेथवाला त्याहून चांगला निघाला, आणि दोघांनी मिळून ती माहिती सफाईने पुसून टाकली. त्यानंतर सगळं जुळतच गेलं. खुणासुद्धा.

पण खरं सांगायचं तर मला ते उलटं इंजिन चालू झालेलं बघायचं होतं. गॅरेजच्या पोरांनाही. त्यातल्या धाकट्याने उस्तादांना विचारलंसुद्धा, की चाचा, टॉप गिअरमध्ये टाकून मागे ढकलली तर क्रँक उलटा फिरंल की, मग होईल का चालू? प्रश्न अगदी बरोबर होता. उस्तादांनी थोडा विचार केला, आणि मला वाटतं क्षणभर त्यांनाही मोह झाला. मग म्हणाले, "पंखा उलटा फिरंल, डायनामो उलटा फिरंल. हौसेसाठी इंजिन मारायचं नसतंय." विषय संपला. माझ्या डोक्यात मात्र तो संपलेला नाही. आमची जीप औसा रस्त्याला पाठमोरी, तीन गिअर बदलत, मागच्या मागे सुसाट चाललीय, आणि मागच्या बाकावर बसलेल्यांना पहिल्यांदाच समोरचा रस्ता दिसतोय. हे मी दादाला बोलून दाखवलं नाही. तो म्हणाला असता, सावलीला थांब.

चेनवर ती जीप शेवटची जोरात धावली ती किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाची रात्र संपून पहाट व्हायची होती. आमच्या घराच्या भिंतीला चीर गेली एवढंच. आम्ही अंगणात येऊन उभे राहिलो, कुत्री भुंकत होती, आणि आजी जीपला हात लावून उभी होती, जणू तीच एक वस्तू हलली नव्हती. उजाडल्यावर बातम्या यायला लागल्या. आण्णांनी मागचे बाक सोडवून काढले. गल्लीतल्या बायकांनी भाकरी थापायला घेतल्या, त्या दिवसभर आणि रात्रीही थांबल्या नाहीत. चुलींच्या धुराने आमच्या सगळ्यांचे डोळे लाल. भाकरीची गाठोडी, पाण्याचे ड्रम, कंदील, रॉकेल, जुने कपडे, असं भरून जीप जायची आणि रात्री उशिरा परत यायची. चिखलात फोर व्हील लावावा लागायचा, त्याचा आवाज लांबून ओळखू यायचा. आम्हाला कुणी काही सांगत नव्हतं. मी मागच्या पत्र्यावर ओला कपडा मारायला म्हणून चढले, तेव्हा तिथे जो वास होता त्यात रॉकेल होतं, ओली माती होती, आणि आणखी कसला तरी. आईने मला खाली ओढलं आणि स्वतः धुऊन काढलं. नंतर कित्येक दिवस आण्णा जीपमध्ये बसले नाहीत. बाजारहाट एसटीने. पुढे ती पुन्हा वापरात आली, पण आण्णांचा तिच्यातला जीव उडाला होता, आणि मग एका वर्षी चेन वाजायला लागल्याचं निमित्त होऊन ती कडब्याच्या शेडमध्ये गेली. दादा आता ती चालू करायच्या मागे का लागलाय, हे त्याला नीट सांगता येत नाही. मीही विचारत नाही.

दोन रस्ते होते. एक तर गिअर ठेवायचे आणि कॅम, ऑइल पंप असं सगळं कुटुंबच गिअरच्या इंजिनाचं आणायचं; किंवा गिअर काढून पुन्हा चेन. उस्तादांचं मत चेनचं पडलं. गिअरच्या इंजिनात त्या गिअरांवर तेल उडवायला एक बारीक जेट असतो, तो आमच्या ब्लॉकमध्ये नाही. आणि तीन घरचे आणि दोन पाहुणे असतील तर पाहुण्यांनी उठावं, असं ते म्हणाले. दादाने फोनाफोनी करून दिल्लीच्या कश्मीरी गेटमधल्या एका दुकानातून चेन आणि दोन्ही चक्रं मिळवली. किंमत ऐकून वहिनीने दोन दिवस अबोला धरला. पार्सल आल्यावर उस्तादांनी ते लगेच बसवलं नाही. आधी दोन्ही चक्रांचे दाते मोजले, वरचे खालच्याच्या दुप्पट आहेत ना ते बघितलं. मग बसवून, खुणा समोरासमोर आणून, झाकण लावायच्या आधी दादाला हँडल धरायला लावलं आणि स्वतः टॅपेटवर बोट ठेवून बसले. खूण बघायला नव्हे. एक्झॉस्ट खाली बसत येतो आणि तेव्हाच इनटेक उठू लागतो, हे बोटाला कळेपर्यंत त्यांनी क्रँक फिरवत ठेवायला लावला. दादाचा शर्ट घामाने पाठीला चिकटला. रोटर घड्याळाच्या उलट फिरत होता, ते मी स्वतः बघितलं. ह्या वेळी मला पुढे उभं राहायला जागा मिळाली होती.

चालू झाली. फार काही झालं नाही त्यात. दोन-तीनदा खोकली, आणि मग धरली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. दादाने ऑइलच्या काट्याचा व्हिडिओ काढला आणि सगळ्या ग्रुपांवर टाकला.

प्रश्न राहिला त्या दोन गिअरांचा. दुकानदार परत घ्यायला तयार नव्हता, वापरलेला माल. दादा ते भिंतीवर टांगायचं म्हणत होता. पण उस्तादांच्या माहितीत निलंग्याकडचे एकजण होते, त्यांच्याकडे महिंद्राची हाय बॉनेट पेट्रोल जीप, आणि तिच्या कॅमगिअरच्या फायबरचे दाते गेलेले. त्यांनी गिअर नेले, ते तिथे कसल्याही बुशाशिवाय बसले. पैसे आले त्यातले उस्तादांनी आपले म्हणून थोडे कापून घेतले, बाकीचे दादाला दिले. बुश मात्र दिला नाही. तो त्यांनी पुसून डालड्याच्या डब्यात टाकला होता. मी म्हणलं, उस्ताद, ह्याच्यामुळेच तर एवढं झालं, आणि तुम्ही तोच जपून ठेवायलात? ते म्हणाले, "चांगलं काम आहे ताई, कुठं तरी लागतंय." दादाने लगेच बुशाचेही पैसे मागितले. उस्तादांनी सगळ्यांना चहा सांगितला.